पल्लवी डेंग्यूनं गेली

नाही, पल्लवीने आत्महत्या केली नव्हती.

वर्ष झालं आज. तरी परवा घाटंजीच्या बाजारात एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलंच. मानसिक आरोग्याच्या प्रोजेक्टमध्ये काम करणारी पोरगी ऐन बाविशीत गेली, की लोकांना दुसरं काही सुचतच नाही.

डेंग्यू होता. प्लेटलेट्स पार खाली गेल्या आणि आमच्या हातात काही उरलं नाही.

आमची ओळख तिने माझी फजिती केली त्या दिवसाची.

तिच्या बंजारा तांड्यावर आम्ही ॲप घेऊन गेलो होतो. तरुण मुलामुलींनी मनाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं फोनवर द्यायची, असा आमचा रिसर्च. तांड्यात आधी नायकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, विचारायचं असतं, तसं विचारलं. नायक खूश! त्यांनी सगळ्यांना मंदिरासमोर बसवलं आणि स्वतःच मोठ्याने प्रश्न वाचायला घेतले.

"उदास वाटते का? आपल्या तांड्यात कोणी उदास नाई! दाबा, नाई."

सगळ्यांनी दाबलं.

एका दुपारीत अख्खा तांडा झाला म्हणून मी खूश.

तेवढ्यात ही मागून हसत आली.

"मॅडम, तुमी नायककाकाचं मन मोजलं. आमचं राह्यलंच."

असा राग आला मला! दुसऱ्या दिवशी तिलाच टीममध्ये घेतलं.

तिचं म्हणणं, प्रश्न कानात ऐकू येऊ द्या, उत्तर बोलून देऊ द्या, तेही कापूस वेचताना. वेचणीत प्रत्येकीची पात, म्हणजे ओळ, वेगळी असते.

"इयरफोन दिसला तं गाणे ऐकून राह्यली समजतेत. तिथंच आमी एकट्या असतो."

आणि मग खरी उत्तरं यायला लागली. न लागणारी झोप, लग्नाची धास्ती, कोणालाच न सांगितलेलं रडणं. काहींना वेळेवर समुपदेशकाकडे नेता आलं.

ती गेली आणि चार दिवसांत सगळ्यांच्या घरच्यांनी ॲप काढायला लावलं. त्या ॲपनेच पोरीच्या डोक्यात काहीबाही भरवलं म्हणे. मला वाटलं, संपलं. आता इथे कोणी तोंड उघडणार नाही.

तिचे दिवस झाल्यावर भेटायला गेले. अंगणात नायक होते, तांड्यातली बरीच माणसं होती. कोणीतरी पुन्हा तेच पुटपुटलं.

तिची याडी, म्हणजे आई, उठून उभी राहिली.

"माही पोर डेंग्यूनं गेली. पण मनाच्या दुखण्यानं गेली असती ना, तरी म्या लपवलं नसतं. त्यात लपवासारखं काई नाई, हे तिनंच सांगतलं मले."



मग नायक आपल्या नातीकडे वळले.

"टाक व पोरी ते ॲप परत. अन् काय बोलली ते मले दाखवू नको."

पल्लवी, ती सगळी पोरं-पोरी ॲपवर परत आलीत. आता ॲप घेऊन शेजारच्या तांड्यांवरही जातात, आणि माझ्या चुका तोंडावर सांगतात.

तुझी फार आठवण येते गं.

काम थांबणार नाही. तू निवांत राहा.