राबाचा काळा, वणव्याचा काळा

अरफा मुलाणीने नकाशा सही न करता परत ठेवला, तेव्हा काम अर्धवट राहिलं असेल असं तिच्या साहेबांना वाटलं. काम पूर्ण झालं होतं. तिला नकाशा मान्य नव्हता.

अरफा टाकवे बुद्रुकची. वडील राजमहंमद गावात किराणा दुकान चालवतात. पुण्यात भूगोल शिकून ती लोणावळ्यातल्या एका खासगी सर्वेक्षण कंपनीत उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करते. या उन्हाळ्यात काम आलं ते नेमकं तिच्याच गावच्या डोंगराचं. उन्हाळ्यात डोंगर किती जळाला, हे शोधायचं होतं. जळालेलं क्षेत्र मर्यादेपलीकडे निघालं तर वनखातं सगळ्या उतारावर तीन वर्षं चराई बंद करणार होतं. निम्म्या गावाची गुरं त्या गवतावर जगतात.

संगणकाने आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहिलं आणि जिथे जिथे काळं पडलं होतं तिथे लाल रंग भरला. उतारावरचा एक पट्टा लाल झालाच, पायथ्याची भातखाचरंही लाल झाली.

“खाचरात वणवा कसा लागेल, सर? राब आहेत ते.”

मावळात भाताचं रोप जिथे टाकायचं, तिथे शेण, फांद्या आणि पालापाचोळा पसरतात, वर माती टाकतात आणि जागा भाजून काढतात. त्याला राब म्हणतात. तण मरतं, रोप जोमाने येतं. आकाशातून मात्र राबाचा काळा आणि वणव्याचा काळा सारखाच दिसतो.

कंपनीचे प्रमुख प्रदीप सर हसले. “गाव तुझं, म्हणून वाचवतेस होय? वर काय कळवू, आमच्या मॅडमच्या गावच्या म्हशी उपाशी राहतील?”

“काही कळवू नका. आधी मागच्या वर्षांची चित्रं बघू.”

तिने ती एकावर एक ठेवून पाहिली. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर साधारण एक गुंठा. राब दरवर्षी खाचराच्या त्याच कोपऱ्यात येतो आणि दोन-चार ठिपक्यांत संपतो. वणवा जागा बदलतो, वाकडातिकडा वर चढतो. सपाटीवरचा एकेक डाग तपासून तिने राब वेगळे काढले. लाल रंग मर्यादेच्या आत आला आणि गावात ही बातमी तिच्याआधी पोचली.

पण उतारावरचा तो पट्टा उरला. गावातल्या रखमाजीच्या खाचराच्या बांधापासून निघून तो थेट माथ्यापर्यंत गेला होता. अरफा जागेवर जाऊन पाहायला निघाली, तर रखमाजी बांधावर वाटच पाहत उभा होता. मागे त्याची बायको शालूबाई आणि चार बघे.

“अरफे, एवढं पुसलंस, त्यात ह्यो एक पट्टा पूस.”

“म्या काय पुसलं न्हाई, आबा. जे न्हवतं ते काढलं. ह्ये हाये.”

“फिरायला येनारी पोरं बिड्या टाकत्यात वर.”

“मंग वर पेटलं असतं. ह्ये तुमच्या बांधापासनं सुरू झालंय.”

“तुज्या बापाचं दुकान आमच्यावर चालतं, इसरू नगं.”

“माल न्या न्हाईतर नगा नेऊ. नकाशा न्हाई इकत आमी दुकानात.”

बघ्यांपैकी कोणीतरी हसलं. रखमाजी त्याच्याकडे वळला, तेवढ्यात शालूबाई बोलली, “आता त्याला कशाला डाफरता? मी म्हनलं हुतं तवाच, वारं बगा म्हनून.”

राब वाऱ्याच्या विरुद्ध पेटवायचा, हा इथला रिवाज. जाळ सावकाश सरकतो, माणसाच्या ताब्यात राहतो आणि माती नीट भाजते. रखमाजी मळवलीत एका बंगल्याची राखण करतो. त्या दुपारी मालकाचे पाहुणे यायचे होते. लवकर उरकावं म्हणून त्याने वारा पाठीशी घेऊन राब पेटवला आणि मोटारसायकलला किक मारली. जाळ बांध ओलांडून गवतात शिरला, तेव्हा तो मळवलीत गाद्यांवर चादरी अंथरत होता.

पट्ट्यासकट नकाशा गेला.

“खालचं तुझं नाव काढू का?” प्रदीप सरांनी विचारलं. या वेळी ते चेष्टा करत नव्हते. “तुला त्या गावात राहायचंय.”

“राहायचंय, म्हणूनच असू द्या.”

चराई फक्त जळालेल्या पट्ट्यावर बंद झाली. उरलेला उतार मोकळा राहिला. रखमाजीची गुरं त्याच पट्ट्यातून वर जात. आता त्यांना ओढ्याकडून वळसा घालून न्यावं लागतं. गावाने अरफाचे आभार मानले नाहीत आणि तिनेही त्यांची वाट पाहिली नाही.

पुढे एकदा रखमाजी गुरं हाकत असताना ती समोरून आली. त्याने गुरं थांबवली नाहीत, पण बोलला.

“दर साली बगनार का तू वरनं?”

“दर पाच दिसांनी फोटू येतो, आबा. ढग नसलं तर.”

“मंग बग की! राब तर म्या भाजनारच. वारं कंच्या अंगाचं ते बी दिसतं का तुज्या फोटूत?”

“न्हाई दिसत,” अरफा म्हणाली. “ते तुमी बगायचं.”