आमच्या साडूंचा सत्कार

माझ्या साडूंइतका सत्काराला हपापलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच, तर त्याच्या सत्कारालाही हेच हार घेऊन पुढे होतील आणि फोटोत मधोमध उभे राहतील. मी उमरग्याचा, ते नळदुर्गचे. दोघंही ख्रिस्ती, दोघांचं शास्त्र एकच. चांगलं काम करावं आणि त्याची दवंडी पिटू नये, हा धडा ज्या रविवारी शिकवला, त्या रविवारी साडू गैरहजर असावेत.

त्यांनी देवळाला, म्हणजे तिथल्या चर्चला, एक पंखा दिला आणि तिन्ही पात्यांवर लाल रंगात आपलं नाव घातलं. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही, हे पहिल्याच उपासनेला त्यांच्या लक्षात आलं. मग भर मे महिन्यात "जरा बंद ऱ्हाऊ द्या, लई वारं लागतंय" म्हणून त्यांनी सगळ्या मंडळीला घामात बसवलं. मी हिशेबी माणूस. त्या एका पंख्यावर त्यांनी तीन सत्कार काढले: दिला तेव्हा, बसवला तेव्हा आणि दुरुस्त झाला तेव्हा. दुरुस्ती दुसऱ्यानंच केली होती. शाल ते स्वतः घरून नेतात. "आयोजकांची धावपळ नको," म्हणतात.

उपास केला, की हे नेमके जेवणाच्या वेळेला नातेवाइकांकडे निघतात. ताट वाढलं की तोंड पाडून सांगतात, "उपास हाय. पण कुणाला बोलू नका." हे ते ओळीनं चार घरी सांगतात. एकदा हायवेवरच्या धाब्यावर आम्ही जेवायला बसलो. यांनी उभं राहून, डोळे मिटून, प्रार्थना सुरू केली. आवाज असा, की शेजारच्या टेबलावरचा ट्रकवाला घास ठेवून उठला आणि मला हळूच म्हणाला, "कोण गेलं हो घरातलं?" प्रार्थना संपली तेव्हा आमचं पिठलं गार झालं होतं आणि साडू आजूबाजूला बघत होते, कुणाकुणावर परिणाम झाला ते.

मी असं काही बोललो, की माझी बायको चिडते. "दाजींनी कुणाचं वाईट केलंय का?"

"वाईट केलं असतं, तर त्याचाही सत्कार करून घेतला असता," मी म्हणतो.

मंडळीतले एक निवृत्त मास्तर तर त्यांना तोंडावर 'शालवाले' म्हणायचे. मास्तर एकटे राहत. कडक इस्त्रीचा सदरा, ताठ मान, कुणाचा पेलाभर चहाही न घेणारे. हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा थोडा झटका आला होता, पण त्यातून ते ठणठणीत बरे झाले असंच गाव धरून होतं.

कापणीच्या सणाच्या महिनाभर आधी मी नळदुर्गला मुक्कामाला होतो. सकाळी लवकरच्या गाडीनं परतायचं होतं. साडू घरात नव्हते. "मास्तरांकडं असतील," मेहुणी म्हणाली. निरोप घ्यायला तिकडे गेलो, तर दार लोटलेलं. आत साडू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मास्तरांना स्टुलावर बसवून अंघोळ घालत होते. रात्री भिजलेलं अंथरूण बादलीत होतं. मास्तरांचा डावा हात नुसता लोंबत होता आणि तोंड भिंतीकडे.

"गाढवा, पाणी किती कडक केलंस!"

"व्हय मास्तर, इसाण घालतो," म्हणून साडूंनी थंड पाणी ओतलं.

मला पाहून ते बाहेर आले. "पाव्हणं, तुमी काय बघितलं न्हाय. झटका आल्यापासनं रोजचंच हाय हे. मास्तरला कुणाला कळलेलं चालायचं न्हाय."

आता बढाई येईल, म्हणून मी वाट बघत राहिलो. ते आत जाऊन बादलीतलं अंथरूण पिळू लागले.

सणाच्या दिवशी मी सहकुटुंब नळदुर्गला गेलो. नव्या पाळकांनी जाहीर केलं होतं, की नीतीनं जगणाऱ्या एका माणसाचा मंडळीतर्फे सत्कार करायचा. साडू उन्हाळी कोट घालून पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी मास्तर. पाळकांनी साडूंचं नाव घेतलं आणि एक अट घातली, "पंखे, घड्याळं, सतरंज्या सोडा. यांनी एखाद्या माणसासाठी काय केलं, ते डोळ्यांनी पाहिलेल्या कुणीतरी उठून सांगावं."

कुणी उठलं नाही. मागून कुणीतरी खोकलं. साडूंनी एकदा मागं वळून सगळ्यांकडे पाहिलं. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. शेवटी मीच बाक धरून उठू लागलो.

मास्तरांची मान खाली गेली. साडूंनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हणं," ते मोठ्यानं म्हणाले, "बसा खाली. घरच्या माणसाची साक्ष चालत न्हाय." आणि पाळकांकडे वळून, "ऱ्हाऊ द्या साहेब. असलं काय केल्यालं मला तरी आठवत न्हाय."

लोक खो खो हसले. माझी बायको मात्र हसली नाही. पाळकांनी ओशाळून पुढचं गीत सांगितलं.

उपासना सुटली. माणसं दारात घोळक्यानं उभी होती आणि मास्तर बाकावरून हलत नव्हते. साडू उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कण्हले. "मास्तर, जरा हात द्या. माझा गुडघा धरलाय."

"सत्कार हुकला, म्हणून पाय गळाले!" दारातून कुणीतरी ओरडलं.

"तसंच समजा," साडू म्हणाले. मास्तरांचा डावा हात त्यांनी आपल्या काखेत घट्ट धरला आणि खोटं लंगडत पायऱ्या उतरू लागले. मास्तर ताठ मानेनं "सावकाश रे, सावकाश," म्हणत होते. फाटकापर्यंत दोघं तसेच गेले. मागून बघणाऱ्याला वाटावं, म्हाताराच या जाड्या माणसाला सांभाळून घरी नेतोय.

मास्तर या पावसाळ्यात गेले. साडू अजूनही सकाळी लवकर उठतात, असं मेहुणी सांगते. उठून अंगणात नुसते बसून राहतात.