बिनआवाजाची गाडी आणि ईरप्पा मिस्त्री

रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी ईरप्पा मिस्त्री उजव्या कानाजवळ अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत. मग डाव्या कानाजवळ. वाळलेलं पान चुरगळल्यासारखा जो बारीक आवाज होतो, तो येतो का हे बघत. सुरुवातीला निर्मलाबाईंना वाटलं, नवऱ्याने पूजेआधीचा काहीतरी नवा नेम धरलाय. अंगावर भस्म लावणारा, गळ्यातलं लिंग हातात घेतल्याशिवाय चहाला न शिवणारा माणूस. त्यात आणखी एक. पुढे एका सकाळी त्यांनी पाहिलं, ईरप्पा डाव्या कानाजवळ बोटं घासतायत, घासतच राहिलेत, आणि चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. तेव्हा त्यांना कळलं.

मिरजेला लग्न आहे असं गल्लीत सांगून दोघं डॉक्टरकडे जाऊन आली. डावा कान गेला होता, उजवाही जाणार होता. डॉक्टरांनी कानाला लावायचं यंत्र दाखवलं. ईरप्पांनी ते तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"ह्ये लावलं की सगळ्यास्नी दिसंल," एवढंच ते स्टँडवर बोलले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सयाजी सरनोबतांचा कारखाना होता. सयाजीआबा शर्यतीच्या गाड्या बांधत. पोलादी नळ्यांचा सांगाडा, जमिनीला चिकटलेलं पोट, अपघातातल्या मोटारींतून काढलेलं आणि नव्याने जुळवलेलं इंजिन. कोल्हापूरला कुस्तीइतकाच गाड्यांचा नाद होता त्या दिवसांत. इथल्या गाड्या थेट मद्रासच्या ट्रॅकवर जात. आणि त्या गाड्यांची इंजिनं, तंबोरा लावावा तशी, लावायचे ईरप्पा मगदूम, गडहिंग्लजकडून पोरवयात आलेले. इंजिनाच्या गुरगुरीवरून ते सांगत कुठला व्हॉल्व्ह आळशी आहे, कुठल्या सिलिंडरला पेट्रोल जास्त होतंय. कारखान्यात त्यांची जागा गाडीच्या तोंडाशी. बाकीचे मिस्त्री त्या जागेवर पाय ठेवत नसत.

कान जायला लागल्यावर त्यांनी दुसरी रीत काढली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि त्याची मूठ दातांत धरायची. कानांना जे येत नव्हतं, ते कवटीत येई.

"ह्यो बघा, मिस्त्री इंजिन चाखाय लागला," वेल्डिंगवाला पिराजी ओरडायचा. "मीठ बराबर हाय काय वो?"

ईरप्पांचं लक्ष पिराजीच्या ओठांकडे असलं, तर उत्तर यायचं. "तुझ्या बायकुच्या आमटीपरास बरं हाय."

लक्ष नसलं तर उत्तर यायचं नाही, आणि सगळ्यांना वाटायचं, मिस्त्री तंद्रीत आहेत. गिऱ्हाइकं ते दातांनी ऐकणं बघायला मुद्दाम थांबत. कारखान्याच्या लेखी ती ईरप्पांची करामत होती. व्यंग झाकायला एवढी चांगली जागा दुसरी कुठली मिळाली असती, असं आज वाटतं.

झाकायचं कशासाठी, याला कारण होतं. ईरप्पांच्या आधी इंजिनं लावणारे एक थोरले मिस्त्री होते. त्यांचे कान गेले तेव्हा सयाजीआबांनी त्यांना काढून टाकलं नाही. गेटवर खुर्ची दिली, टोपी दिली. पण ट्रकवाले त्यांच्या तोंडासमोर हात नाचवून बोलत, पाठीमागून शिट्या मारत, आणि थोरले मिस्त्री सगळ्यांकडे बघून हसत राहत. ज्या माणसाने मद्रासला जिंकलेली गाडी लावली होती, तो फाटक उघडून देत आहे, हे ईरप्पांनी रोज येता-जाता पाहिलं होतं. निर्मलाबाईंचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेऊन त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. कुणाला सांगायचं नाही.

मग संसारच त्या गोष्टीभोवती उभा राहिला. लग्नकार्यात निर्मलाबाई नवऱ्याच्या उजव्या हाताला बसत आणि कुणी काही विचारलं की पदराखालून त्यांच्या मनगटावर बोट दाबत. घरात दोघं कन्नड बोलत. त्या ओठांची वळणं ईरप्पांना लहानपणापासून पाठ होती. मराठी ओठांवरून वाचायला त्यांना जास्त वेळ लागे. म्हणून बाहेर ते आधी स्वतः बोलायला सुरुवात करत, समोरच्याला बोलायला फार जागा ठेवत नसत. लोक म्हणू लागले, ईरप्पा अलीकडे फटकळ झालाय.

नव्वदचं दशक सरता सरता आबा वारले आणि कारखाना त्यांच्या मुलाकडे, विजयसिंहांकडे आला. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा स्वतः शर्यतीत गाडी चालवायचे. पण दिवस पालटले होते. नव्या मोटारींत पेट्रोल सोडायचं काम आता एक बंद डबी करत होती, तिला स्क्रू-ड्रायव्हर लागत नव्हता. शर्यतीची गाडी बांधून घेणारी हौशी घराणी बंगले विकत होती. वर्षाला चार-पाच गाड्या व्हायच्या, त्या एकावर आल्या. बेंगळुरात दादांनी विजेवर चालणारी एक छोटी मोटार पाहिली आणि परत आल्यावर सगळ्यांना लेथजवळ गोळा केलं.

"आपण विजेची गाडी करायची," ते म्हणाले. "पण लेडीज गाडी न्हाय. दोन सीटची, उघडी, आपल्या शर्यतीच्या गाडीसारखी. सरनोबतांची गाडी वाटली पायजे."

"आवाज?" पिराजीने विचारलं.

"आवाज न्हाय."

"मग तिला गाडी कशाला म्हणायचं दादा, पंखा म्हणा की."

सगळे हसले आणि हसता हसता गप्प झाले, कारण सगळ्यांच्या नजरा ईरप्पांकडे गेल्या. बिनआवाजाच्या गाडीत सगळ्यात आधी कोण संपणार, हे कळायला शाळा शिकावी लागत नव्हती. दादाही खाली बघत होते.

ईरप्पा म्हणाले, "करूया की. त्यात काय."

दादांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आबांच्या माणसाने आपल्यासाठी स्वतःच्या विद्येवर पाणी सोडलं.

त्या संध्याकाळी ईरप्पा गंगावेशीतून बासुंदी घेऊन घरी आले. निर्मलाबाईंना ते म्हणाले, "आता कुणी माझ्या कानाला हाक मारायचा न्हाय. गाडीलाच आवाज न्हाय म्हटल्यावर माझं बहिरेपण कुणाला कळतंय? शेवटपर्यंत मिस्त्री म्हणून जातो बघ मी." इतकं मोकळं बोलताना निर्मलाबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गाडी व्हायला दोन वर्षं लागली. मोटर घेतली एका फौंड्रीतल्या मोडक्या फोर्कलिफ्टची. बॅटऱ्या सीटच्या मागे ओळीने बसवल्या. ईरप्पा तळव्याने बेअरिंग तपासत, मोटरवर हात ठेवून डोळे मिटत, आणि म्हणत, थोडी डावीकडं घ्या. ते बरोबर असे. ती दोन वर्षं त्यांची चांगली गेली.

पण गाडी पूर्ण मुकी नव्हती. किल्ली फिरवली की सीटखालचा मोठा स्विच आत बसताना 'टक्' असा आवाज व्हायचा. सुपारी फोडल्यासारखा. तो झाला की गाडीत जीव आला, आता तिच्या वाटेत उभं राहायचं नाही, हे कारखान्यातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलं होतं. पिराजी तर 'टक्' झाला की हातातला चहा घेऊन बाजूला व्हायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. कानांनीच शिकवलं. त्यामुळे ईरप्पांना ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरज काय, त्यांचे कान तर सगळ्यांत तयार. आणि ईरप्पांनी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. दादांनी 'आवाज न्हाय' म्हटलं होतं, ते त्यांनी शब्दशः धरलं होतं.

दोन हजार चार सालच्या खंडेनवमीला गाडी पूजेला काढली. कारखान्यातली हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती, लेथला झेंडूची माळ, ऐरणीला हळदकुंकू. सरनोबतांकडे रीत अशी की नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायची आणि नारळ फोडायचा तो इंजिन लावणाऱ्या मिस्त्रीने, म्हणजे ईरप्पांनी, गाडीच्या तोंडाशी उभं राहून. मग त्याने हात वर केला की मालकाने इंजिन सुरू करायचं. ती पहिली गुरगुर ऐकून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आजवर प्रत्येक गाडीला असंच झालं होतं. इंजिन आधी सुरू असलं तर ऐकू येणारच, म्हणून तोंडाशी उभं राहण्याची कुणाला कधी भीती वाटली नव्हती.

पाहुणे आले होते. कुणीतरी म्हणालं, दादा, दिवे लावा की, फोटोत चांगलं दिसंल. विजयसिंह गाडीत बसले आणि दिव्यांसाठी किल्ली फिरवली.

टक्.

सगळे अर्धं पाऊल मागे सरकले. ईरप्पा नारळ फोडून वाकले होते, पाणी शिंपडत होते, शेवटचं लिंबू चाकाखाली सारत होते. त्यांच्या मागे हातभरावर व्हाइसचं, म्हणजे शिकंज्याचं, लोखंडी टेबल.

शर्यतीतला माणूस गाडीत बसला की त्याचा उजवा पाय स्वस्थ राहत नाही. उभ्या गाडीतही तो पेडल जरासं दाबतो, सोडतो. पेट्रोलची गाडी न्यूट्रलला असते, ती नुसती गुरगुरते, इंजिन जागं राहतं. विजेच्या त्या गाडीला न्यूट्रल नव्हता. फोटोवाल्याने "इकडं बघा" म्हटलं, दादा हसले, आणि वीस वर्षांच्या सवयीने पाय जरासा दाबला गेला. गाडी पुढे झेपावली.

"मिस्त्री!" पिराजी ओरडला. सगळेच ओरडले. ईरप्पा सरळ होत होते. ओरडणाऱ्यांकडे वळून बघायला त्यांना काही कारण नव्हतं.

गाडी आणि टेबल यांच्यात ते चेंगरले, कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. निर्मलाबाई पलंगाच्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या आणि हवालदाराचा प्रत्येक प्रश्न परत स्वतःच्या तोंडून म्हणत गेल्या, म्हातारीला समजून घ्यायला वेळ लागतोय असं दाखवत.

"गाडी चालू झाल्याचा आवाज आला हुता म्हणं? सगळ्यांनी ऐकला. तुम्ही?"

"ऐकला की," ईरप्पा म्हणाले.

"मग सरकला का न्हाई?"

"मीच हाललो न्हाय. चूक माझी हाय. दादांची काय चूक न्हाय."

हवालदाराने लिहून घेतलं. बाहेर व्हरांड्यात पिराजी भिंतीला डोकं टेकून बसला होता. "ऐकला म्हणतोय," तो म्हणाला. "ऐकला आणि हाललाच न्हाय? मरायचं हुतं काय त्याला?" ही शंका मग कारखान्यात फिरत राहिली. गाडीपायी मिस्त्रीची विद्या गेली, म्हणून त्याने मुद्दाम जागा सोडली नाही, असं लोक बोलू लागले. विजयसिंहांपर्यंत ते पोचलं. त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि पुन्हा कधी काढली नाही. बॅटऱ्या तिथेच फुगून फुटल्या.

ईरप्पांना घरी आणलं, पण ते उठले नाहीत. पाठीला जखमा झाल्या. निर्मलाबाई कडुनिंबाच्या पाण्याने त्या धूत आणि अधूनमधून कन्नडमध्ये म्हणत, सांगून टाकू या. आबांचं ते पोरगं रोज जळतंय. त्याला वाटतंय, त्याच्यावरच्या रागानं, मेलो तरी चालंल म्हणून तुम्ही जागेवर थांबलात. ईरप्पा डोळे मिटून घेत. डोळे मिटले की त्यांच्यापर्यंत काहीही पोचत नसे. ते दार त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलं होतं.

पुढच्या श्रावणात ते गेले. त्यांच्या समाजात माणसाला खड्ड्यात बसवून माती देतात, देवासमोर बसतात तसं मांडी घालून. मोडक्या कमरेमुळे ईरप्पांचे पाय मांडीत वळेनात. विधी करणारे जंगम आणि भाऊबंद बराच वेळ खटपट करत होते. शेवटी खड्ड्याच्या भिंतीला टेकवून, पाय सरळ ठेवूनच त्यांना बसवलं. विजयसिंह तिथेच उभे होते. त्यांना खरं काय ते निर्मलाबाईंनी सांगितलं, पण ते तेराव्यानंतर. त्याच वर्षी त्यांनी कारखाना विकला.

ईरप्पा जायच्या आदल्या दिवशी विजयसिंह त्यांना भेटायला आले होते. पंचगंगेला पूर होता, अर्धं शहर पाण्यात होतं, ते गुडघाभर पाण्यातून चालत आले होते. कपड्यांतून पाणी गळत होतं. ते पलंगाशी उकिडवे बसले, ईरप्पांच्या अगदी समोर, आणि आजवर गिळलेला प्रश्न त्यांनी एकदाचा विचारला.

"मिस्त्री, आबांची शपथ हाय. त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं न्हवतं न्हवं? का माझ्यावर राग हुता?"

निर्मलाबाई सांगतात, ईरप्पांनी त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं होतं. पूर्ण वाक्य होईपर्यंत पाहिलं होतं. त्यांना सगळं कळलं होतं. मग मान वळवून ते बायकोला म्हणाले,

"निर्मला, दादा भिजून आल्यात. टावेल दे की त्यास्नी."