आमच्या विहिरीतलं बुडालेलं जहाज

मी देवळाली प्रवरा इथल्या शाळेत इतिहास शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, आणि माझा आवडता विषय म्हणजे प्राचीन काळी बुडालेली जहाजं. मी तो इतक्या रंगात येऊन शिकवते की एका मुलीने सहामाहीच्या पेपरात प्रवरा नदीवर बंदर बांधलं होतं. तिला मी अर्धा गुण दिला.

गेल्या मे महिन्यात बेलापूरला माहेरी गेले, ती दोन कारणांनी. एक, विहिरीचा गाळ काढायचा होता. दुसरं, काकू भिंगारला मुलाकडे कायमची राहायला निघाली होती, त्याच आठवड्यातल्या रविवारी. आणि आई तिच्याशी बोलत नव्हती. मी चौथीत असल्यापासून!

कारण एक पितळी कळशी. आईला माहेरून मिळालेली, गळ्याशी आजोबांचं नाव घातलेली. एका सकाळी ती नाहीशी झाली आणि नेमकी त्याच सकाळी काकू गाठोडं घेऊन माहेरी गेली. आईला तेवढा पुरावा पुरला. पुढे विहीर, भिंत आणि म्हैस सामाईक राहिली, बोलणं तेवढं बंद. फारच अडलं तर दोघी म्हशीला सांगायच्या. "तिला म्हणावं, तुझं वाळवण शेळ्या खात्यात." असे निरोप ऐकून ऐकून चार म्हशी म्हाताऱ्या झाल्या.

आम्ही हसायचो, पण मला आतून वाईट वाटायचं. लहानपणी माझ्या वेण्या काकूनेच घातलेल्या. ती अशीच न बोलता निघून जाणार, हे मला सहन होत नव्हतं.

विहिरीवर गाळ उपसायची यारी बसली, माणसं तळाशी उतरली आणि गाळाच्या पाट्या वर येऊ लागल्या. मी हुकूम सोडला, "निघेल ते धुवायचं नाही. जसं निघेल तसं ओळीने ठेवायचं."

त्या माणसांचा मुकादम म्हणाला, "मॅडम, गाळाला कसली आलीय वळ?"

मग काय, मास्तरीण सुटली. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रात एक जहाज बुडालं, त्याची गोष्ट मी तिथेच सुरू केली. त्यात एका बेटावरचं तांबं होतं, आफ्रिकेतलं काळं लाकूड होतं, पार उत्तरेकडचे मणी होते. म्हणजे तेव्हाही माल केवढा लांबून फिरत होता! तळाच्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून लाकूडसुद्धा टिकतं. आणि दिवे! कोरे दिवे विकायला नेलेले. काजळी धरलेले होते ते जहाजावरच्या माणसांचे. त्या दिव्यांच्या घडणीवरून ती माणसं कुठली असावीत, याचा अंदाज लागला.

"काजळी घासली असती तर?" मी विचारलं.

"समदी बोंब," मुकादम म्हणाला. पलीकडच्या ओट्यावर गाठोडी बांधणारी काकूही हात थांबवून ऐकत होती.

दुपारी पाटीतून कळशी आली. काळी, चेपलेली, गळ्यात वीतभर कुजकट दोर. आईने ती लांबूनच ओळखली आणि लगबगीने चिंच आणली. आपल्याकडे पितळ दिसलं की बाईचा हात चिंचेकडे जातोच. मी किंचाळले, "आई, घासू नको! दोराला तर हातच लावू नको!"

तेव्हा कुठे तिने दोराकडे पाहिलं. आई डावखुरी. तिची गाठ उलट्या अंगाने वळते. तिने वैरणीचा भारा बांधला की तो दुसऱ्या कुणाला सुटत नाही, विळ्याने कापावा लागतो. कळशीच्या गळ्यात तीच गाठ होती.

मुकादमानेही कधीकाळी आमच्याकडची वैरण वाहिलेली, त्याने ती लगेच ओळखली. माझा धडा त्याला माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरा कळला होता. "मॅडम, ह्यो काजळीचा दिवा म्हना की," तो हळूच म्हणाला.

काकू ओट्यावरून उतरून विहिरीशी आली होती. आईने मुठीतली चिंच दाबली आणि ती खाली मान घालून म्हशीकडे वळली. "तिला म्हणावं, गाठ माझीच हाय. त्या दिशी मीच कळशी सोडली असंल इहिरीत, अन् इसरले. उगा तुझ्यावर आळ घेतला. चुकलं माझं."

"आक्का," काकू म्हणाली, "म्हशीला काय सांगता? मी हितंच हाय न्हवं."

मला रडू फुटलं. डोळ्यात गाळ गेला म्हणून मी वेळ मारून नेली.

रविवारी आईने ती कळशी न घासता, दोरासकट काकूच्या टेम्पोत ठेवली. "आता खरंच पळवली म्हनतील लोक," काकू म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की टेम्पोवाला कंटाळला.

आठ दिवसांनी भिंगारहून फोन आला. आईने तो स्वतः घेतला.

"आक्का, कळशी घासायला घेतलीया, पर गाठ सुटंना. कापू का?"

"कापू नको," आई म्हणाली. "गुरवारी येते मी." आणि फोन ठेवून ती पिशवीत चिंच भरू लागली.