वाढत्या अंगाचं

फाटक्या कपड्यांवर इतकं प्रेम करणारा माणूस सबंध पुण्यात दुसरा नसेल. आमच्या वरच्या मजल्यावरचे डॉक्टर पेशाने रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि आवडीने रफूगर. आयटीच्या पगारावर बिबवेवाडीतली आमची सोसायटी फाटलं की नवं घेऊ लागली, याचं दुःख फक्त यांना. जिन्यात भेटले की नमस्काराआधी नजर कोपराकडे. "वहिनी, स्वेटर उसवलाय. वर पाठवा." एका लग्नात तर त्यांनी व्यासपीठावर चढून नवरदेवाची शेरवानी रफू केली आणि फोटोग्राफरला थांबवून ठेवलं. कुणी कौतुकानं म्हणालं, "कुठं फाटलं होतं कळतसुद्धा नाही हो!" तर उत्तर मिळालं, "कळायला हवं असतं तर सेफ्टी पिन लावली असती."

बाल्कनीला मी हौसेनं काचेचा सरकता दरवाजा बसवून घेतला होता. एका रविवारी दुपारी माझी सात वर्षांची लेक धावत येऊन त्यावर आदळली. कोपराच्या आतल्या बाजूला काच घुसली, रक्ताची चिळकांडी उडाली. मी किंचाळले. डॉक्टर खाली आले ते शर्टाला सुई लटकत असतानाच. त्यांनी जखम तळव्यानं दाबून धरली ती दवाखान्यापर्यंत सोडली नाही. लेकीची बोटं पांढरीफटक, गार पडलेली. "हात वाचेल ना?" मी विचारलं. "गाडी चालवा," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी ते ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले. "पायातली शीर घेऊन तुटलेली धमनी जोडलीय. मोठ्या माणसाला सलग शिवलं तरी चालतं. हिला एकेक टाका सुटा घातलाय."

"का?"

"अहो, शिंप्याला मुलांचे कपडे देताना काय सांगता?"

"वाढत्या अंगाचे शिवा."

"तेच केलंय."

मी आत जाऊन बोटं हातात घेतली. उबदार होती! मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि मी दोन्ही करून घेतलं.

आता लेक हिंजवडीत दिवसभर कीबोर्ड बडवते. डॉक्टर निवृत्त झालेत, सुईचं नाक त्यांना दिसत नाही. रविवारी वरून हाक येते, "दोरा ओवायचाय!" ती जाते, ओवून देते. सुई घेताना ते तिचं मनगट जरा जास्तच वेळ धरून ठेवतात. परवा मीही सोबत होते. नाडीवर बोट ठेवून ते स्वतःशीच म्हणाले, "होतंय अजून हिला."