झैदच्या प्रवेशावरचं माझं मत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिच्यासाठी केलं असं स्वतःला बजावत आलो त्या मुलीला तर नाहीच. मग तुम्हांला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असतात तर बहुधा पुन्हा खोटंच बोललो असतो — आणि छान बोललो असतो.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराला आम्ही ओमानमध्ये, सूरला राहत होतो. मी गॅसच्या प्लँटमध्ये नोकरीला, मुलगी तिथल्या लहानशा भारतीय शाळेत तिसरीला. शाळेच्या कमिटीवर पालक आपल्यातली माणसं निवडून देतात. मी उभा राहिलो तेव्हा एकच वचन दिलं होतं — मोठा विषय आला की आधी तुम्हांला विचारीन, आणि तुम्ही सांगाल तसंच मत देईन. प्रतिनिधी म्हणजे पालकांचं तोंड, त्याला स्वतःची वेगळी जीभ नसते, असलं वाक्यही फेकलं होतं. टाळ्या पडल्या. मला त्या फार आवडल्या.

आणि विषय आला. रत्नागिरीकडचे इक्बालभाई तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांचा मुलगा झैद आठ वर्षांचा होता. बोलायचा कमी, मध्येच कान झाकून घ्यायचा, कधी मोठ्याने ओरडायचा. शाळा त्याला घेत नव्हती, आणि त्यांना परवडेल अशी दुसरी शाळा गावात नव्हती. मुख्याध्यापिकांनी प्रस्ताव मांडला, अशा मुलांना साध्याच वर्गात बसवायचं आणि सोबतीला एक मदतनीस बाई ठेवायची. झैद तिसरीत बसणार होता. तिसरीचा वर्ग एकच होता, माझ्या मुलीचा.

मी वचन पाळलं — म्हणजे अर्धं. एका शुक्रवारी संध्याकाळी पालकांना शाळेच्या अंगणात जमवलं. खरं सांगू? मला खात्री होती की लोक नको म्हणतील. मग मी वाईट वाटल्याचा चेहरा करून त्यांची इच्छा कमिटीपुढे ठेवली असती, हात झटकून मोकळा. झैदची आई शबानाभाभीही आल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या. "माजा पोर कोनाला मारीत नाय. त्याला चार पोरांत बसू द्या, येवढाच," म्हणाल्या आणि खाली बसल्या. हात वर करा म्हटल्यावर जवळजवळ सगळे हात वर गेले. मला राग आला. लोक माझ्यापेक्षा मोठ्या मनाचे निघाले याचा राग येतो का कुणाला? मला आला.

भांडणं नकोत म्हणून आमच्या कमिटीत बिननावाच्या चिठ्ठीवर मत द्यायची रीत होती. मी चिठ्ठीवर 'नको' लिहिलं. प्रस्ताव एका मताने पडला.

तुम्ही म्हणाल, निवडून दिलेल्या माणसाने स्वतःला पटेल तेच करावं, लोकांच्या हो ला हो करायला तो काय नंदीबैल आहे? मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच ऐकवलं. लोक भावनेच्या भरात हात वर करतात, थंड डोक्याने विचार करायला तर मला निवडलंय — किती शहाण्यासारखं वाटतं ना? पण ज्याला खरंच पटलेलं असतं तो उघड बोलतो. त्याच अंगणात उभा राहून म्हणतो की तुम्ही हो म्हणालात, मी नको म्हणणार आहे, पुढच्या खेपेला मला पाडा. मला पटलंबिटलं काही नव्हतं. मुलीचा अभ्यास मागे पडेल, ती वर्गात दचकेल, एवढी घरगुती भीती होती. त्या भीतीला मी तत्त्वाचा सदरा घातला, तोही नंतर.

चिठ्ठीपेक्षा वाईट पुढे आहे. बाहेर पालक थांबले होते. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "मी आपल्याच बाजूने दिलं हो. बाकीच्यांनी घात केला." कमिटीतले एक अबोल गृहस्थ आधीच कुणाला फारसे आवडत नव्हते. त्यांनीच केलं असणार, असा सगळ्यांचा समज झाला आणि लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. त्यांनी बहुतेक 'हो' लिहिलं होतं. मी मूग गिळून बसलो.

थोड्याच दिवसांत शबानाभाभी झैदला घेऊन गावी परत गेल्या. इक्बालभाईंनी घर सोडलं आणि तीन जणांच्या खोलीत खाट घेतली. रस्त्यात भेटले की ते माझा हात दोन्ही हातांत धरायचे. मी धरू द्यायचो.

पुढच्या निवडणुकीला मी पुन्हा उभा राहिलो. इक्बालभाईंना मत नव्हतं. मत पालकांना असतं, आणि त्यांचं मूल तर शाळेने घेतलंच नव्हतं. तरी सुट्टीच्या दिवशी ते दारोदार फिरले. "या मानसाला द्या. हा आमच्यासाठी उभा रवला," असं प्रत्येक दारात सांगत होते. हे माझ्या कानावर आलं होतं. मी त्यांना थांबवलं नाही, आणि निवडून आलो.