गर्दीतले वडील

वडील मंगळवारी सकाळी गेले. दुपारी आम्ही पंचगंगेवरच्या स्मशानातून घरी आलो.

हार घालायला फोटो शोधला, तेव्हा कळलं की वडील सगळ्या फोटोंत सारखेच आहेत. हात मांडीला चिकटलेले, नजर समोर, जणू साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय. पेपर वाचताना उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर घासत राहायची त्यांची सवय होती. आई विचारायची, "धार लावताय काय?" हे कुठल्याच फोटोत नव्हतं. बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागली होती. हलणारे वडील घरात कुठेच उरले नव्हते.

मग आठवलं, नोकरी लागण्याआधी वडील सिनेमाच्या गर्दीत उभे राहिले होते. कुठल्या सिनेमात, ते दर वेळी वेगळं सांगायचे. काम काय केलं विचारलं, तर म्हणायचे, सांगितलं ते केलं. यात नवल काही नाही. कोल्हापुरात घरटी एक म्हैस आणि घरटी एक जुना नट असतो. म्हैस दाखवता येते, एवढाच फरक.

सिनेमा हे न वाचणाऱ्यांचं काम, असं मी जन्मभर मानत आलो होतो. आता मी ठरवलं, वडील सापडेपर्यंत कोल्हापुरात निघालेला प्रत्येक जुना सिनेमा बघायचा. दिवस व्हीसीडीचे होते. शाहूपुरीतल्या दुकानदारानं धूळ झटकून तबकड्या काढल्या आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"पावणं, नवीन न्या की. ह्यातली निम्मी माणसं मेल्यात."

"म्हणूनच नेतोय," मी म्हणालो.

त्या सिनेमांतले पाटील एकतर देव असत किंवा राक्षस. आईची दृष्टी मध्यंतराआधी जाई आणि शेवटच्या आरतीला परत येई. हरवलेला मुलगा माणसांच्या आधी गाईला ओळखू येई. लढाईत दोन्ही सैन्यांकडे तेच घोडे. पण या कथा मला धड कळल्याच नाहीत. नायिका जीव द्यायला विहिरीकडे धावली की मी विहिरीवर जमलेल्या लोकांकडे बघत बसायचो.

बातमी गल्लीत पसरली. समाचाराला येणारे सिनेमा सुरू व्हायच्या बेतानं येऊ लागले. प्रत्येकाला त्यात आपला आजा शोधायचा होता. पटका आणि मिशा सगळ्यांनाच होत्या, त्यामुळे आजे भराभर सापडत गेले. एका भालदारावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. चहा करून करून आई दमली.

पेठ वडगावहून आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. तिला टीव्हीसमोरची खुर्ची दिली. लढाईचा सिनेमा होता. सरदारामागून एक घोडेस्वार भगवा झेंडा घेऊन आला, तशी आत्यानं बोट रोखलं.

"ह्यो बघा माझा भाऊ. कसा रुबाबात बसलाय."

वडील टांग्यातसुद्धा घोड्याकडे पाठ करून बसायचे. पण थोरल्या बहिणीनं भाऊ ओळखल्यावर नाही कोण म्हणणार? शेजाऱ्यांनी तोच रुबाब, तेच नाक, असं ठरवून टाकलं. आत्या डोळे पुसत स्वयंपाकघराकडे गेली. तिच्या मागोमाग सगळे उठले.

सिनेमा चालूच होता. लढाई संपली होती. मैदानात मुडदे पडले होते आणि नायिका त्यांच्यातून नवऱ्याला शोधत फिरत होती. पडद्याच्या कडेला एकजण पालथा पडला होता. तोंड ढालीखाली, पाय आपल्याकडे. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर सावकाश घासत होता.

मागे दारात आई ट्रे घेऊन उभी होती.

"मरायला सांगितलं तरी गप पडायचं न्हाईत," ती म्हणाली.

मी ती जागा पुन्हा लावली. आई ट्रे खाली ठेवून बसली. स्वयंपाकघरात आत्या घोड्याचा रंग सांगत होती. तिला आम्ही शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. नातेवाइकांत वडील अजून घोड्यावरच आहेत.

पुढे प्लेअर बिघडला. दुरुस्तीवाला म्हणाला, याचे भाग आता मिळत नाहीत. आत्या नाही, आईही नाही. तबकडी माझ्या कपाटात आहे.